सव्वादोन तास

गंगाधर अण्णा, मला या कामात तुम्ही आणलं. कमरेचा पट्टा कसा आवळायचा, मीटरची लाल तार कुठं लावायची, टॉवरवर चढताना खाली का बघायचं नाही, हे सगळं तुम्ही शिकवलं. सातवीतून शाळा सोडलेला मी. जालन्याच्या सळ्यांच्या मिलमध्ये पत्र्यावर चढून काम करताना तुम्ही मला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबापुढं उभं केलं. साहेब म्हणाला, याला इंग्रजी फॉर्म भरता येईल का? तुम्ही म्हणालात, "लिहायचं मी बघतो साहेब. वर चढायला मला हाच पायजे." तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप होतो, आणि माझ्यासाठी असं कोणी बोलायची ती पहिलीच वेळ.

म्हणून आधी तुमचं नाव लिहिलं. आता जे झालं ते. गेल्या आठवड्यात गुरुवारी दुपारी टेंभुर्णीच्या शेतातल्या घरी तुमच्या छातीत कळ आली आणि संध्याकाळी जालन्याच्या दवाखान्यात तुम्ही गेलात. उद्या तुमचा दहावा. मी येऊ शकत नाही.

मी टांझानियात आहे, तलावाकाठच्या एका गावात. टॉवरच्या कुंपणाच्या आत उलट्या बादलीवर बसलोय. आठ वाजता लाईटचा मेन पाडला, जनरेटर बंद ठेवला. टॉवर आता नुसत्या बॅटरीवर चालू आहे. दर पंधरा मिनिटांनी मीटर लावायचं, आकडा लिहायचा, आणि मधल्या वेळात तुम्हाला लिहायचं. पहिला आकडा बावन्न व्होल्ट. शेहेचाळीसला आलं की मेन परत चढवायचा, नाहीतर सगळ्या गावाचे फोन बंद पडतील. तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला भीती वाटून राह्यली अण्णा. तुम्ही गेलात त्या दिवसापासून एकच भीती आहे, आणि ती मी बायकोलाही सांगितली नाही.

तुमच्या जावयाचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सकाळी वाऱ्यानं लाईट गेल्ती. टेंभुर्णीत रेंजच नव्हती. फोन लागला नाही, म्हणून उशीर झाला." मी विचारलं, लाईट किती वाजता गेल्ती? ते म्हणाले, साडेआठला. कळ कधी आली? बारा-साडेबाराला. पुढचं मी विचारलं नाही. गणित मला येतं. शाळेतलं नाही, बॅटरीचं येतं. साडेआठला लाईट गेली आणि बारा वाजता रेंज नाही, म्हणजे टेंभुर्णीच्या माळावरच्या टॉवरची बॅटरी साडेतीन तासही चालली नाही. आणि त्या टॉवरच्या कागदावर सहा तास लिहिलेले आहेत. ते मी लिहिलेत.

साडेआठचं रीडिंग घेतलं. एक्कावन्न.

तुम्ही आपल्या कामाला "बसणं" म्हणायचात. बाकी सगळे त्याला सर्व्हे म्हणतात. पुण्याची कंपनी, बाहेरच्या मोठ्या लोकांचं काम. कोणता देश पुढच्या पिढीच्या नेटवर्कला किती तयार आहे, त्याचा तक्ता करायचा. परवाने दिलेत का, फायबर टॉवरच्या पायापर्यंत आलंय का, नव्या अँटेनांचं वजन खांबाला पेलंल का, लोकांच्या हातात तसले फोन आहेत का. आणि सगळ्यात खाली एक ओळ, लाईट गेल्यावर टॉवर किती तास उभा राहील. वरच्या ओळी कागद बघून भरता येतात. खालची ओळ सगळे बॅटरीच्या पाटीवरून भरतात. तुम्ही कधी भरली नाही. "पाटीला काय जातंय आठ तास लिहायला? पाटी बसती का आठ तास?" मेन पाडायचा, आणि बॅटरी उतरेपर्यंत हलायचं नाही.

मी पहिल्यांदा कंटाळून उठलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्या बापानं जल्मभर बसूनच काढलं लेका. मेंढरं चरत्यात तवर उठायचं न्हाई. आन मोजायची तर पाठीवर हात ठिवून मोजायची. नजरंनं मोजली की एक कमी भरतीच." मी म्हणालो, अण्णा, ही बॅटरी आहे, मेंढी नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच सांगतो. मेंढी वरडती तरी."

आणि दुसरी गोष्ट. तीच मी विसरलो. "बॅटरी नवी असली की हळूहळू उतरती, सांगून उतरती. म्हातारी झाली की शेवटपर्यंत काई बोलत न्हाई. एकदम बसती."

पाच वर्षांपूर्वी भारताची पाळी होती. नमुन्याला जे जिल्हे निघाले त्यात आपलं जालना आलं, तुम्हाला कोण आनंद! "जगात हिंडलो, आता घरच्या खांबाला हात लावू." टेंभुर्णीचा टॉवर तुम्ही स्वतः करणार होतात. पण त्या दिवशी रामनवमी होती आणि तुम्हाला वैनींना जांबला, समर्थांच्या देवळात न्यायचं होतं. वैनींनी तुमच्या लेकीच्या, सुमनच्या, बाळंतपणात नवस बोललेला होता म्हणे. तुम्ही मला किल्ली दिली. "पूर्ण बस. माझं गाव हाय ते."

मी बसलो अण्णा. एक तास वीस मिनिटं बसलो. ऊन रणरणत होतं, मीटरचा आकडा जागचा हलायला तयार नाही. तेवढ्यात जालन्याहून फोन आला. मस्तगडातल्या ज्या दुकानातून माझी परदेशाची कागदं होत होती, तो माणूस म्हणाला, सही आजच पाहिजे, दुपारी बंद करतो, उद्या मी नाही. ती जागा माझ्यासाठी तुम्हीच बोलून ठेवलेली. मी आकड्याकडं पाहिलं. एवढ्या वेळात एवढंच उतरलं, म्हणजे सहा तास आरामात निघतील. सहा लिहिलं. मेन चढवला, कुलूप लावलं, गाडीला किक मारली. आणि खाली नाव तुमचं होतं, कारण टॉवर तुमच्या वाट्याचा.

परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "बसला का?" मी म्हणालो, हो. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "बराबर." बस्स.

पंधरा दिवसांनी मी विमानात होतो.

नऊचं रीडिंग. पन्नास पॉइंट सहा.

इथला राखणदार जोसेफ चहा घेऊन आला. त्याला सांगितलं, माझा मोठा भाऊ गेला. त्यानं छातीवर हात ठेवून "पोले" म्हटलं. इथं दुःखातल्या माणसाला असं म्हणतात. दुखलं खुपलं तरी हेच, माणूस गेला तरी हेच. मग तो माझ्याजवळ दुसरी बादली उलटी करून बसला. तुमचं आणि त्याचं जमलं असतं.

पुण्याच्या साहेबाचे दोन मेसेज येऊन पडलेत. "पाटीवर आठ तास आहे ना? तेच टाक. दुपारच्या आत तक्ता पाहिजे, हा एकच देश अडलाय." माझा करार पुढच्या महिन्यात संपतो आणि पुढचा करार साहेबाच्या एका शब्दावर आहे. हे सगळं माहीत असून मी आज मेन पाडलाय. शहाणपण आलं म्हणून नाही. मागच्या गुरुवारपासून आठ हा आकडा लिहायला गेलो की मला माळावरचा सहा दिसतो.

रविवारचे आपले फोन आठवतात. आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, अण्णा, आखातात बघा, फायबर पार खांबापर्यंत, लोकांच्या हातात भारी भारी फोन, तो देश तयार आहे. नेपाळात डोंगर आडवे येतात, तो अर्धा. तुम्ही म्हणायचात, "देश तयार हाय म्हणजे काय रं? देशाला मीटर लावून दाखव बरं, लाल तार कुठं लावतो?" मी म्हणायचो, अण्णा, वरच्या लोकांना एका देशाला एकच रंग पाहिजे, हिरवा, पिवळा, लाल. आपण शंभर ठिकाणी बसलो काय आणि दोन ठिकाणी बसलो काय, रंग तोच निघतो. त्यावर तुम्ही म्हणायचात, "रंग त्यांचा. आकडा आपला."

मी हरायचो नाही. शेवटच्या रविवारीही नाही. म्हणालो, पण अण्णा, खरा आकडा लिहून कोणाचं काय भलं झालं ते एकदा सांगा. बॅटऱ्या कुठं बदलतात? तुम्ही म्हणालात, "आता जेवायला बसतो. पुढल्या रविवारी सांगतो." पुढला रविवार आला तेव्हा तुमचा चौथा दिवस होता.

साडेनऊ. पन्नास. पावणेदहा. पन्नासच.

मी जे विचारायला घाबरतोय ते हे, की मी त्या दिवशी पूर्ण बसलो असतो आणि खरा आकडा लिहिला असता तर कोणी ती बॅटरी बदलली असती का? बदलली असती तर बारा वाजता वैनींचा फोन लागला असता. तुमच्या पुतण्याची जीप लगेच आली असती. तुम्ही आज खाटेवर बसून मला म्हणाला असता, मेलो न्हाई रं, रडतो कामून. मी तुमचं मीठ खाल्लं अण्णा, आणि तुमच्याच गावाचा आकडा खोटा लिहिला. रोज झोपायच्या आधी आणि उठल्या उठल्या हेच. वैनींचा नंबर काढतो आणि ठेवून देतो.

आज लावतो. इथं टॉवर बॅटरीवर आहे. कट झाला तर झाला.

लागला.

अण्णा, मी बोललो वैनींशी. आता जसं झालं तसं लिहितो, जल्दी लिहितो, नाहीतर विसरेन.

वैनींनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "कैलास? जेवलास का?"

नवव्या दिवशी. मला विचारतात, जेवलास का.

मी म्हणालो, वैनी, एक सांगायचंय. तुम्ही रामनवमीला जांबला गेल्ता ना, त्या दिवशी मी माळावरच्या टॉवरला बसलो नाही. आकडा अंदाजानं लिहिला. सहा. अण्णांना खोटं बोललो.

पलीकडून आवाज नाही. मला वाटलं बॅटरी बसली. मीटरकडं पाहिलं, एकोणपन्नास पॉइंट चार. टॉवर चालू होता.

"म्हाईती हाय मला," वैनी म्हणाल्या.

"कसं?"

"आरं, दुसऱ्या दिशी डबा मीच बांधून दिल्ता. सकाळीच माळावर निघाले. म्हणलं, आता तिथं कामून? कैलास करून आला ना? तर म्हणाले, त्यानं एक मेंढी हात न लावता मोजली."

"चिडले असतील."

"चिडतेत कशाला. हासून राह्यलते. मी म्हणलं, मंग त्याला बोला की. तर म्हणाले, त्याला भायेर जायची घाई हाय, आत्ता बोललो तर जाईल का तो? जाऊ दे. तिकडं त्याच्या मागं दुसऱ्या दिशी डबा घिऊन जाणारं कोणी न्हाई. तिथं बसतो बराबर."

मग त्यांनी सुमनला हाक मारली. तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही सुमननं काढली. अण्णा, त्या वहीतलं पान तिनं मला वाचून दाखवलं. टेंभुर्णी माळ. सहा, त्यावर आडवी रेघ. खाली तुमच्या अक्षरात, सव्वादोन तास. बसलो. बॅटरी बदलावी. आणि खाली दोन तारखा, दोन्ही वेळा वर लेखी कळवल्याच्या.

म्हणजे माझा सहा तक्त्यात गेलाच नव्हता. वर सव्वादोनच गेला होता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्याहून वाईट. खरा आकडा लिहिलात, दोनदा कळवलंत, तरी बॅटरी तीच राहिली, आणि तुमच्याच दुखण्याला तुमच्याच गावाची रेंज नव्हती. मी तेच बोलून गेलो. म्हणालो, वैनी, मग खरं लिहून काय उपयोग झाला? शेवटी फोन लागलाच नाही ना?

"कोण म्हणलं लागला न्हाई?"

"जावई म्हणाले."

"त्यांना काय म्हाईत. मी लावलाच न्हाई तर लागंल कसा?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी माळावरून उतरून आल्यावर तुम्ही त्यांना सांगून ठेवलं होतं. लाईट गेली की घड्याळ बघायचं. दोन तासापर्यंत फोन. त्याच्यापुढं काही झालं तर फोनच्या नादी लागायचं न्हाई, बिलकुल न्हाई, सरळ रोड गाठायचा. वैनी म्हणाल्या, "शेजारची सगळी फोन हातात धरून, लागंना लागंना करीत, अंगणात फिरून राह्यलते. मी घड्याळ पाह्यलं. साडेबारा. म्हणलं, लाईट तर साडेआठला गेल्ती. पिशवीसुदिक घेतली न्हाई, रोडला पळाले. पहिलाच टेंपो आडवला. मिरच्याचा टेंपो होता. त्यानं पोती खाली टाकली अन् खाटंसकट यांना घेतलं."

पुढं रस्त्यानं रेंज आली तेव्हा त्यांनी सुमनला लावला. सुमन मस्तगडातल्या तिच्या घरून चपला न घालता दवाखान्यात आली.

फोन तिनंच घेतला मग. म्हणाली, "काका, आण्णा माझ्याशी बोलले. दीड-दोन तास होते. मधी मधी डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे. मला म्हणाले, तुझ्या मायनं आज टेंपोवाल्याला अशा शिव्या देल्या, मी उठूनच बसलो. आम्ही हासलो काका. खरंच हासलो."

डॉक्टर तिला म्हणाले होते, अजून तासभर शेतातच राहिले असते तर रस्त्यातच संपलं असतं.

तुम्ही शेवटच्या रविवारी ज्याचं उत्तर दिलं नाही, ते उत्तर मला असं मिळालं. मी तुमच्याशी पाच वर्षं भांडलो. वैनींना सव्वादोनचा आकडा सांगून ठेवलाय, हे तुम्ही एका वाक्यात सांगू शकला असता. पण मग तुम्हाला हेही सांगावं लागलं असतं की तुम्ही माळावर परत गेला होतात. ते तुम्हाला सांगायचं नव्हतं. मला लाज वाटू नये म्हणून तुम्ही भांडण हरायला तयार होतात.

भीती गेली असं नाही. वेगळी झाली. मला आता बॅटरीची भीती वाटते, तिच्या गप्प राहण्याची. सव्वादहाला एकोणपन्नास होती, साडेदहाला एकोणपन्नासच. जोसेफ हात हलवून म्हणाला, पुरे, चांगली आहे. त्या दिवशी मी इथंच उठलो होतो. मी त्याला खुणेनं म्हणालो, बस.

पावणेअकरा. अठ्ठेचाळीस पॉइंट आठ.

अकरा. सत्तेचाळीस पॉइंट दोन.

बघता बघता उतरतेय. तुम्ही म्हणायचात तसंच. मीटर लावूनच ठेवलंय, मांडीवर कागद, डोळे आकड्यावर. जोसेफ उभा राहिलाय. कुंपणाच्या बाहेर एक बाई फोनवर बोलत चाललीय, हसत. तिला काही माहीत नाही.

शेहेचाळीस. मेन चढवला. अकरा वाजून सात मिनिटं. तिचा फोन तुटला नाही.

तीन तास सात मिनिटं, अण्णा. पाटीवर आठ.

तक्ता पाठवला. खालच्या ओळीत तीन लिहिलं. साहेबाचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही, आता येईल तेव्हा उचलेन. काय बोलणार ते ठरवलं नाही. देशाला कोणता रंग लागेल ते त्यांचं ते बघतील. जोसेफला मात्र मी कागदावर मोठा तीन काढून दिला, घड्याळ दाखवलं, गावाकडं बोट केलं. त्याला कळलं. त्यानं कागद खोलीच्या दाराला आतून चिकटवला. मग पुन्हा बाहेर आला, तो काढला आणि दाराला बाहेरून लावला, सगळ्यांना दिसेल असा.

उद्या नदीवर सगळे असतील आणि मी नसेन. माझ्यासाठी कोणी थांबू नका असं सुमनला सांगितलंय. पण सुट्टी मिळाली, किंवा नोकरीच गेली, तरी मी आधी मंठ्याला घरी जाणार नाही, टेंभुर्णीला येईन. वैनींकडून डबा बांधून घेईन आणि माळावर जाईन. मेन पाडून बसेन. पूर्ण. जो आकडा निघेल तो घरोघरी सांगून येईन, आणि बॅटरी बदलेपर्यंत तो वर कळवत राहीन, दोनदा नाही, वीसदा. आणि पुढं कधी माझ्या हाताखालच्या माणसानं न बसता आकडा लिहिला, तर मी त्याला काही बोलणार नाही अण्णा. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघेन.